पहिला टीपॉट : निवड, वापर आणि निगा

आपण बहुतेक सगळे पातेल्यात चहा उकळणाऱ्या घरांतच वाढलो. आधण ठेवायचं, त्यात साखर, आलं, चहापूड, दूध, आणि वर आलेला चहा गाळणीतून कपात. हा चहा मला आजही सकाळी लागतोच, आणि त्याला टीपॉटची काहीही गरज नाही. पण दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा किंवा आसामचा ऑर्थोडॉक्स असा पानांचा चहा उकळला, की त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि कपात तुरटपणा तेवढा उरतो. या चहाला गरम पाणी हवं, पानं उलगडायला जागा हवी, मोजका वेळ हवा, आणि वेळ झाली की पाणी पानांपासून वेगळं व्हायला हवं. ही सगळी सोय टीपॉटमध्ये असते.

चहावर माझा जीव लहानपणापासून आहे, त्यामुळे घरात टीपॉटही वाढत गेले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी एकच आग्रह करते: टीपॉट आधी ओतून बघा, रंग आणि नक्षी त्यानंतर.

किती मोठा हवा

खोक्यावर ‘चार कप’ असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कुणाचा कप दीडशे मिलिलिटरचा, कुणाचा मग तीनशेचा. तळाशी किंवा खोक्यावर मिलिलिटरचा आकडा शोधा, नसेल तर विचारा. एकट्यासाठी 300 ते 350 मिलिलिटर आणि दोघांसाठी 450 ते 600 एवढा टीपॉट पुरतो. पूर्वी लग्नात आहेर म्हणून मिळालेले आणि शोकेसमध्ये बसलेले टी-सेट आठवा. त्यातला पॉट लिटरभराचा तरी असायचा, कारण तो पाहुण्यांच्या ट्रेसाठी होता. रोज दोन कप करायला तो गैरसोयीचा. अर्धा रिकामा राहिलेला मोठा टीपॉट लवकर गार होतो आणि त्यात पत्तीचं माप बसवणंही अवघड जातं. मोठा पॉट माणसं येतील तेव्हा काढा.

कशाचा घ्यावा

पहिला टीपॉट चिनीमातीचा, आतून चकचकीत लेप असलेला घ्या. पोर्सिलेन असो वा जाडसर स्टोनवेअर, दोन्ही चालतात. लेपामुळे वास आत मुरत नाही, म्हणून सकाळी आसाम आणि संध्याकाळी ग्रीन टी एकाच भांड्यात करता येतो. आतला रंग पांढरा असेल तर फारच उत्तम, चहाचा रंग कसा चढतोय ते नीट दिसतं.

बोन चायना पातळ, हलकी आणि देखणी असते. उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. पण तिच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. ज्या घरात हे चालणार नाही, तिथे आधीच माहीत असलेलं बरं. तसंच देखणेपण साध्या पोर्सिलेनमध्येही मिळतं.

काचेचा टीपॉट घ्यायचा तर बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचाच घ्या. पानं उलगडताना बघण्याचं सुख त्यात आहे, पण तो लवकर निवतो. हॉटेलात मिळतो तसा स्टीलचा टीपॉट फुटत नाही एवढाच त्याचा फायदा. त्याची मूठ चटका देते आणि तोटी बहुधा गळते. बिडाचे जड, काळे जपानी धाटणीचे टीपॉट आता इथेही विकायला असतात. आतून इनॅमल केलेला असा टीपॉट गॅसवर कधीही ठेवायचा नाही, इनॅमल तडकतं. त्यात पाणी तापवायचं नसतं, चहा मुरवायचा असतो. सुरुवातीला त्याच्या वाटेला न गेलेलं चांगलं.

दुकानात पाणी ओतून बघा

ही पायरी बहुतेक लोक वगळतात, आणि टीपॉट घरी आल्यावर टेबलक्लॉथवर डाग पडायला लागतात. दुकानात जाताना पाण्याची बाटली बरोबर न्या. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे टीपॉट प्रदर्शनात मांडलेले असोत की मोठ्या दुकानातले महागडे, विक्रेत्याला विचारलं तर तो सहसा नाही म्हणत नाही. बादली नाहीतर एखादं भांडं मागून घ्या.

आधी रिकामा टीपॉट उचला. मूठ हातात धरल्यावर बोटांची पेरं पॉटच्या अंगाला टेकतात का? टेकत असतील तर गरम चहा भरल्यावर भाजणार. आता तो बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर धरा. तोटीचं टोक पॉटच्या काठाच्या उंचीला किंवा त्याहून जरा वर असायला हवं. ते खाली असेल तर पॉट भरायच्या आधीच तोटीतून पाणी बाहेर येणार. दिसायला ही चूक अगदी किरकोळ असते, पण तिच्यावर घरी काहीच उपाय नसतो. झाकण काढून आत डोकवा. तोटी जिथे पॉटला जोडली आहे, तिथे एकच मोठं भोक आहे की लहान लहान भोकांची जाळी? जाळी असेल तर मोठी पानं अडतात आणि तोटी तुंबत नाही.

मग पाणी भरा, झाकण लावा आणि ओता. इथे तीन गोष्टींकडे लक्ष द्या. धार एकसंध पडते की फुटून उडते? पॉट पुरता कलंडला तरी झाकण जागेवर राहतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब कुठे जातो? चांगल्या तोटीचा थेंब तुटून कपात पडतो किंवा आत परततो. वाईट तोटीचा थेंब ओठाखालून वळतो, तोटीच्या पोटावरून ओघळत खाली येतो आणि बुडाशी गोल डाग पाडतो.

या ओघळण्याला शास्त्रात ‘टीपॉट परिणाम’ असंच नाव आहे. मार्कस राइनर या शास्त्रज्ञाने ते 1956 साली दिलं. धारेचा वेग कमी झाला की द्रव सुटून पडण्याऐवजी तोटीच्या ओठाला चिकटून वळतो. ओठ जाड आणि गुळगुळीत गोल असेल तर त्याला वळायला वाटच मिळते, कडा पातळ आणि धारदार असेल तर धार तिथेच तुटते. म्हणून तोटीच्या कडेवर बोट फिरवून बघा. घरात आधीच गळका टीपॉट असेल, तर ओठाच्या खालच्या बाजूला लोण्याचं किंवा तुपाचं पुसटसं बोट लावा, ओघळ बराच कमी होतो. सावकाश ओतण्याऐवजी एका दमात, ठाम हाताने ओतलं तरी फरक पडतो.

झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पाणी बाहेर पडताना त्यातून हवा आत येते. ओतता ओतता त्या छिद्रावर बोट ठेवा. धार थांबली तर झाकण घट्ट बसतं आणि कारागिराचा हात चांगला आहे असं समजा. सगळ्याच चांगल्या टीपॉटमध्ये धार पूर्ण थांबेल असं नाही, पण जिथे थांबते तो मी सहसा सोडत नाही.

बऱ्याच टीपॉटबरोबर आत बसणारी गाळणी येते. ती रुंद आणि खोल, जवळजवळ बुडापर्यंत जाणारी असली तर जरूर घ्या. साखळीला लटकणारी चेंडूसारखी जाळी मात्र टाळा. कोरडी पानं भिजल्यावर कितीतरी पट फुगतात, त्या चेंडूत ती कोंबली जातात आणि मधल्या पानांपर्यंत पाणीच पोचत नाही.

पत्ती

आपल्याकडे रोज वापरली जाते ती दाणेदार पूड म्हणजे सीटीसी. पानं दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. विल्यम मॅककर्चर यांनी 1930 साली आसाममधल्या आमगुरी मळ्यात ही पद्धत काढली. रंग झटकन उतरतो, चव कडक येते आणि दुधापुढे ती दबत नाही, म्हणून आपल्या चहाला ती इतकी मानवली. सीटीसीही टीपॉटमध्ये चालते. दोन-तीन मिनिटांत तयार होते, त्यापुढे ठेवलीत तर कडूशार.

पण टीपॉट घेतलाच आहे तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांच्या वळलेल्या पानांचा चहा आणा. दुधाची सवय असलेल्यांनी सुरुवात आसाम ऑर्थोडॉक्सने करावी, त्याला माल्टसारखा भरदार स्वाद असतो आणि थोडं दूध सहज सोसतं. निलगिरीचा चहा स्वच्छ, हलका आणि चुका पोटात घालणारा, जरा जास्त मुरला तरी फारसा चिडत नाही. नवख्यांना मी सहसा हाच सुचवते. दार्जिलिंगला 2004 साली भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या पाकिटावर ‘फर्स्ट फ्लश’ लिहिलेलं असेल तर तो वसंतातल्या पहिल्या तोडणीचा, फिकट, फुलासारख्या वासाचा. ‘सेकंड फ्लश’ असेल तर मे-जूनच्या तोडणीचा, गडद आणि पिकलेल्या द्राक्षाची आठवण करून देणारा. दोन्ही दुधाशिवाय प्यायचे.

एका वेळी 50 किंवा 100 ग्रॅमच आणा. पत्ती घट्ट झाकणाच्या, उजेड आत न जाणाऱ्या डब्यात ठेवा आणि तो डबा मसाल्यांच्या फळीपासून लांब असू द्या. चहा आजूबाजूचा वास फार पटकन धरतो. गोडा मसाला आणि हिंग यांच्या शेजारी पंधरा दिवस काढलेल्या दार्जिलिंगचं दार्जिलिंगपण संपलंच.

पाणी

बोअरचं पाणी जड असेल तर चहा मळकट दिसतो, त्यावर तेलकट तवंग येतो आणि कडांना तपकिरी रेघ धरते. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून तो तवंग तयार होतो, त्यात पत्तीचा काही दोष नसतो. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. मात्र क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकलेल्या पाण्यात चहा सपक लागतो. नळाचं गोडं पाणी मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

काळ्या चहाला खळखळतं पाणी हवं, फर्स्ट फ्लश दार्जिलिंगला 85 ते 90 अंश, ग्रीन टीला 70 ते 80 अंश. थर्मामीटर नसेल तर उकळी फुटल्यावर झाकण काढून पाणी तसंच राहू द्या. दोन-तीन मिनिटांत ते फर्स्ट फ्लशजोगं होतं, ग्रीन टीसाठी त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं किंवा ते एकदा दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं. उंचीचाही फरक पडतो. मुंबईत पाणी 100 अंशांना उकळतं, पुण्यात साधारण 98 ला, महाबळेश्वरला 95-96 ला, आणि खुद्द दार्जिलिंग गावात 93 च्या आसपास. डोंगरावर काळा चहा केलात तर मिनिटभर जास्त मुरू द्या.

आता चहा करूया

1. पाणी तापत असतानाच टीपॉटमध्ये थोडं कढत पाणी घाला, फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने ओतून टाका. गार चिनीमाती पाण्याची बरीच उष्णता ओढून घेते, विशेषतः थंडीत. हेच पाणी कपांतही फिरवून घ्या.

2. पत्ती मोजून घाला. दर 200 मिलिलिटर पाण्याला दोन ते अडीच ग्रॅम. आसामचे बारीक तुकडे असतील तर एक सपाट चमचा, दार्जिलिंगची मोठी हलकी पानं असतील तर शीग लावून दीड चमचा. घरात छोटा वजनकाटा असेल तर पहिले काही दिवस जरूर वापरा, म्हणजे हाताला अंदाज येतो. चहा चाखणारे व्यावसायिक 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम घेऊन सहा मिनिटं मुरवतात, त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरलेलं आहे. पण ते दोष शोधण्यासाठी आहे, आपल्याला प्यायचं आहे. ते माप घरी वापरू नका.

3. ओल्या, गरम पॉटमध्ये पत्ती पडली की पाणी घालण्याआधी क्षणभर नाक जवळ नेऊन वास घ्या. त्या उबेत पत्ती जागी होते, आणि हा वास नंतर कपात जसाच्या तसा पुन्हा मिळत नाही.

4. पाणी थोड्या उंचीवरून, पानांवर पडेल असं ओता. झाकण लावा, घड्याळ लावा. ऑर्थोडॉक्स काळा चहा तीन ते चार मिनिटं, फर्स्ट फ्लश अडीच ते तीन, ग्रीन टी दीड ते दोन. या वेळात ढवळू नका. काचेच्या पॉटमध्ये हा वेळ बघण्यासारखा असतो. पानं आधी वर तरंगतात, मग एकेक पान पाणी पिऊन जड होतं आणि खाली येऊ लागतं. खाली येताना त्याच्यामागे तांबूस धागा सुटतो, आणि ते धागे एकमेकांत मिसळत सगळं पाणी रंगतं.

5. रंगावर विसंबू नका. रंग लवकर उतरतो, चवीला वेळ लागतो. तीन मिनिटं झाली की चमचाभर चाखा. फुळकवणी वाटला तर अर्धा मिनिट थांबा. जिभेच्या कडा आवळायला लागल्या तर लगेच ओता.

6. वेळ झाली की गाळणी बाहेर काढा. गाळणी नसेल तर सगळा चहा कपांत किंवा दुसऱ्या गरम भांड्यात ओतून घ्या. अर्धा चहा पानांवरच राहू दिला तर दुसरा कप कडवट होणार हे नक्की.

7. दोन-तीन कप असतील तर एक भरून मग दुसरा असं करू नका. वरचा चहा हलका असतो, तळचा दाट. प्रत्येक कप अर्धा भरा आणि उलट्या क्रमाने परत येत पुरा करा. शेवटचे थेंबही निथळू द्या. सगळ्यात भरदार चहा त्यांतच असतो.

चांगल्या पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालता येतं. दार्जिलिंग दुसऱ्या वेळी मिनिटभर जास्त ठेवा. ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार, तर तीन-चार पाण्यांपर्यंत चव बदलत साथ देतो. सीटीसीची मात्र दुसऱ्या पाण्याला काही रया उरत नाही.

दूध घालायचं असेल तर गरम, साय काढलेलं, वेगळ्या भांड्यात घ्या आणि कपातच घाला. टीपॉटमध्ये दूध कधीही घालू नका, जाळीत आणि तोटीत त्याचा थर बसतो. आलं-वेलदोड्याचा चहा पातेल्यात उकळलेलाच खरा, टीपॉटमध्ये तो अर्धवट लागतो. गवती चहाचं मात्र टीपॉटशी छान जमतं. दोन पाती कात्रीने कापून पत्तीबरोबर घाला आणि वर निलगिरी. पावसाळ्यात मी दुपारी हाच करते.

चहा गरम राहावा म्हणून टी-कोझी घालायची, ती पानं काढल्यानंतर. आई-आजीच्या वेळच्या क्रॉस-स्टिचच्या किंवा लोकरीच्या कोझी कपाटात पडून असतील तर बाहेर काढा. अर्धा-पाऊण तास चहा पिण्याजोगा गरम राहतो.

धुणं

रोज गरम पाण्याने विसळून, झाकण काढून पालथा ठेवायचा. झाकण लावून ओला ठेवला की कुबट वास धरतो. भांडी घासायच्या वासाच्या साबणाची गरज नसते, तारेची घासणी तर नकोच. आत तपकिरी थर साचला तर चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी घालून तासभर ठेवा, मग बाटलीच्या ब्रशने तोटीतून फिरवा. पांढरा खडबडीत थर असेल तर तो क्षारांचा, त्याला लिंबूसत्त्व लागतं. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करू नका, एकमेकांना मारतात आणि काम कुणीच करत नाही. फ्रीजमधून काढलेल्या किंवा गार पाण्याने नुकत्याच धुतलेल्या पॉटमध्ये थेट उकळतं पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

दुसरा टीपॉट

तो येणारच. पहिल्यावर हात बसला, कोणता चहा आपल्याला खरंच आवडतो हे कळलं, की त्या चहासाठी घडलेला टीपॉट शोधावा.

चीनमध्ये मिंग घराण्याच्या होंगवू सम्राटाने 1391 साली दाबून केलेल्या चहाच्या वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पानं मागवायला सुरुवात केली. सुटी पानं मुरवायची पद्धत रुजली, आणि पुढे जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगच्या जांभळट मातीचे टीपॉट नावारूपाला आले. त्यांना लेप नसतो. माती चहा पिते, म्हणून एका पॉटमध्ये एकाच जातीचा चहा करायचा आणि साबण कधीच लावायचा नाही. हे पॉट लहान असतात, दीडशे मिलिलिटर वगैरे, आणि ऊलाँगसाठी उत्तम. नकली माल फार आहे, त्यामुळे जाणकार विक्रेता मिळेपर्यंत थांबा. जपानच्या तोकोनामेचा क्यूसू हा आणखी एक प्रकार. त्याची मूठ तोटीच्या काटकोनात असते आणि नुसत्या मनगटाच्या वळणाने शेवटचा थेंबही निघतो. जपानी ग्रीन टी आवडत असेल तर त्याच्याइतकं सोयीचं भांडं नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या लाल मातीचा ब्राउन बेटी साधा, गोलमटोल, तपकिरी. नक्षी नाही, पण उष्णता छान धरतो. आसाम पिणाऱ्या घराला मी तोच सांगेन.

जुन्या वस्तूंची आवड असेल तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार पालथा घालायला मजा येते. तिथे टीपॉट घेताना तो एका हाताच्या तळव्यावर ठेवून नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, बहुधा मुठीच्या सांध्याशी. आतला लेप भेगाळलेला असेल किंवा आतून रंगीत नक्षी असेल तर त्यात चहा करू नका, जुन्या लेपांत आणि रंगांत शिसं असू शकतं. असा पॉट शोकेसमध्येच शोभतो. आणि झाकण उचलून नीट बघा: पांढऱ्याची छटा, सोनेरी रेघेची जाडी, नक्षीतली फुलं खालच्या पॉटशी जुळतात का? बऱ्याचदा झाकण दुसऱ्याच पॉटचं बसवलेलं असतं, आणि भाव कमी करून मागायला तेवढं कारण पुरतं.